घर घेताना वकील आपला असावा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

कर्नाटकात ३१ ऑगस्ट २०२५ पासून दस्त नोंदणीचे शुल्क १ टक्क्यावरून २ टक्के झाले आणि बेळगावात घर घेऊ पाहणाऱ्यांच्या तोंडी खर्चाचाच विषय सुरू झाला. पन्नास लाखांच्या घरामागे मुद्रांक शुल्काचे अडीच लाख आणि नोंदणीचे एक लाख, शिवाय वरचे उपकर, हे मुकाट्याने भरणारा माणूस वकिलाच्या फीवर मात्र घासाघीस करतो, किंवा ‘एजंटचे वकील आहेतच की’ म्हणून तोही खर्च वाचवतो. काही वर्षांपूर्वी मी तेच केले, म्हणून हे पत्र.

शहापूर भागातील एक जुने घर दोन भावांनी विकायला काढले होते. एजंटने आणलेल्या वकिलांनी ईसी (घरावर कर्ज वगैरे बोजा आहे का, याचा दाखला) काढली, तिच्यात बोजा नव्हता, आणि दोन दिवसांत संचकारपत्र, म्हणजे विसार देऊन विक्रीचा करार झाला. ईसीत फक्त नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. वडिलांच्या पश्चात वारस किती, घरात नोंद न केलेले मृत्युपत्र किंवा वाटणीचा कागद आहे का, हे तिच्यात दिसत नाही, एवढेही मला ठाऊक नव्हते. खरेदीनंतर सहा महिन्यांनी, त्या भावांच्या गडहिंग्लजला दिलेल्या बहिणीच्या वकिलांची नोटीस आली. वडील मृत्युपत्र न करता गेल्यामुळे त्या घरात तिचा हिस्सा होता आणि खरेदीपत्रावर तिची सही नव्हती. तडजोड होईपर्यंत चार वर्षे गेली आणि तिचा हिस्सा मला माझ्या खिशातून भागवावा लागला. त्या वकिलांना जाब विचारायला गेलो, तर ‘मी विकणाऱ्यांचे काम पाहत होतो’ असे उत्तर मिळाले. राग आला, पण ते खोटेही नव्हते. त्यांची फी मी दिलीच नव्हती.

कर्ज काढणाऱ्यांचा आणखी एक समज असतो, की बँकेच्या वकिलांनी कागद तपासले म्हणजे काम झाले. ते वकील बँकेला अभिप्राय देतात. बँकेचा पैसा सुरक्षित आहे का, एवढाच तिथला प्रश्न असतो आणि तो अभिप्राय अनेकदा घर घेणाऱ्याच्या हातीही पडत नाही. आपण नेमलेल्या वकिलाकडून निदान मागील तीस वर्षांच्या मालकीची साखळी तपासून घ्यावी आणि अभिप्राय लेखी मागावा. ‘काही अडचण नाही’ हे तोंडी बोलणे पुढे कोर्टात उपयोगी पडत नाही. शहराबाहेरचा प्लॉट असेल तर जमीन एनए (बिगरशेती) झाली आहे का, लेआउटला मंजुरी आहे का, ती मूळची कुळाची किंवा सरकारने दिलेली होती का, हेही त्यांनीच पाहायचे असते.

वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनुसार जाहिरात करता येत नाही, त्यामुळे चौकशी ओळखीपाळखीतूनच होते. ती करताना वकील किती नामांकित आहेत, यापेक्षा ते जमिनीचे व घरांचे दिवाणी काम रोज करतात का, हे विचारलेले बरे. आपल्या भागात त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते, त्यामुळे आजोबा-पणजोबांचे अनेक दस्त मराठीत आणि त्याआधीचे काही मोडीत सापडतात, तर आजचे खरेदीपत्र बहुधा कन्नडमध्ये लिहिले जाते. सीमाप्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागो, सही मात्र आजच करायची असते, आणि आपल्यापैकी कित्येक जण न वाचता येणाऱ्या कागदाखाली मराठीत सही करून मोकळे होतात. म्हणून दोन्ही भाषांतील कागद स्वतः वाचू शकणारा, मोडी वाचून घेण्याची सोय असलेला आणि नोंदणीच्या आधी निदान दोन दिवस कन्नड मसुदा आपल्याला ओळीओळीने मराठीत समजावून सांगणारा वकील हवा.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने वडगावात घर घेतले, तेव्हा मी त्याला अशाच एका वकीलबाईंकडे नेले. त्यांनी आधी फीचा आकडा कागदावर लिहून दिला आणि मग विकणाऱ्यांकडून घराचा सर्वांत जुना दस्त मागवला. त्या पिवळ्या पडलेल्या मराठी कागदावर चतुःसीमेत ‘पूर्वेस सामाईक बोळ’ असे लिहिलेले होते. बाँड रायटरने, म्हणजे दस्त लिहिणाऱ्याने, तयार केलेल्या कन्नड मसुद्यात तो चार फुटांचा बोळ घराच्याच मापात धरला होता. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. मोजणी करून घेतली, माप दुरुस्त झाले, तेवढी किंमतही कमी झाली आणि मगच पुतण्या उपनोंदणी कार्यालयाची पायरी चढला.

आपला,
एक वाचक,
शहापूर, बेळगाव