सुप्याच्या दंग्यावरचा माझा लेख तपासणाऱ्या अनाम परीक्षकांस

आदरणीय परीक्षक,

स. न. वि. वि.

आपलं नाव मला माहीत नाही, आणि नियमाप्रमाणे ते कधी कळायचंही नाही. संपादकांच्या मेलमध्ये आपण ‘रिव्ह्यूअर २’, म्हणजे दुसरे परीक्षक, होता. आपल्याकडे गेलेल्या फाइलमधून माझं नाव, कॉलेज, आभाराची टीप, एवढंच काय फाइलच्या प्रॉपर्टीजमधला लेखकाचा रकानासुद्धा पुसलेला होता. आभाराचं पत्र संपादकांमार्फत पोचवता आलं असतं, आणि तसं मी पाठवलंही आहे. पण आपण माझ्या लेखासाठी जे केलंत ते माझ्यासारख्या, तालुक्याच्या गावी इतिहास शिकवणाऱ्या आणि एखाद्या नामांकित नियतकालिकाकडे लेख पाठवायला बिचकणाऱ्या प्राध्यापकांनाही कळावं असं मनापासून वाटतं. म्हणून हे उघड पत्र.

वाचकांसाठी आधी लेखाविषयी थोडं. १२ मे १८७५, बुधवार. सुप्याचा आठवडे बाजार. हे सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज ते बारामतीत येतं. त्या दिवशी आसपासच्या गावांतले कुणबी जमले, त्यांनी गुजर सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली, वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि हाती लागले ते जाळले. पुढच्या दोन महिन्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरलं. ९५१ लोकांना अटक झाली. सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. बारावीच्या पुस्तकात हा प्रसंग ‘दख्खनचे दंगे’ या नावाने येतो आणि विद्यार्थी तो पाठ करतात.

माझ्या लेखाचा विषय होता दंग्याआधीचा बहिष्कार. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवून त्यांच्या घरावर टाच आणली, आणि गावाने सावकारांशी व्यवहार तोडला. त्यांची शेतं कसायची नाहीत, त्यांच्या घरी पाणी भरायचं नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, परटाने कपडे धुवायचे नाहीत. सुप्याची आग पाच महिन्यांनंतरची. या दोन घटनांना जोडणारा रस्ता मला दाखवायचा होता.

संपादकांचा मेल आला तेव्हा पहिल्या परीक्षकांचा अभिप्राय एका परिच्छेदाचा होता आणि आपला कितीतरी पानांचा. निर्णय होता ‘मेजर रिव्हिजन’, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून लेख पुन्हा पाठवा. हा शब्द वाचून आमच्याकडची पुष्कळ माणसं लेख मिटून ठेवतात. मीही ठेवला असता, पण आपल्या अभिप्रायाचा पहिलाच परिच्छेद असा होता की खाली ठेवणं जमेना. त्यात आपण माझं म्हणणं आपल्या शब्दांत मांडलं होतं, आणि ते माझ्यापेक्षा नेमकं होतं. माझ्या लेखात जे सहा पानांवर पसरलं होतं ते आपण चार वाक्यांत बांधलंत आणि पुढे विचारलंत, लेखिकेला हेच म्हणायचं आहे ना? असेल तर पुढचे प्रश्न याच्या आधारावर आहेत.

इतक्या वर्षांत माझं लिखाण इतक्या निगुतीने कुणी वाचलं नव्हतं.

त्यातला बाजाराचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. दंगा बाजाराच्या दिवशी झाला हे प्रत्येक पुस्तकात असतं आणि तिथेच थांबतं. आपण विचारलंत की दुसऱ्या गावांचे बाजार कोणत्या वारी भरत? सुप्याहून परतणारा माणूस पुढच्या दोन-तीन दिवसांत कुठल्या बाजाराला जाई? बातमी पायी, बैलगाडीने, बाजाराच्या वारांनी पसरली असेल, तर दंग्यांच्या तारखा आणि बाजारांचे वार शेजारी शेजारी मांडून बघता येईल का? आपण १८८५ च्या पुणे गॅझेटिअरकडे बोट दाखवलंत, त्यात गावोगावच्या बाजारांची माहिती आहे. मी याच भागातली. कोणत्या गावचा बाजार कधी, कोणत्या वाटेने गाडी जाते आणि कोणत्या ओढ्याला पावसाळ्यात अडते, हे आमच्या घरात जेवताना बोललं जातं. ते पुरावा म्हणून कधी लेखात घेता येईल असं मला सुचलं नव्हतं. आपण लिहिलंत की स्थानिक माणसाला हे माहीत असतं, त्याने ते जपून, गॅझेटिअरशी ताडून वापरावं. या एका सूचनेने लेखाला नकाशा मिळाला. दंगा झालेली गावं आणि बाजारांची गावं मी एकाच कागदावर उतरवली. आता लेख उघडला की वाचक आधी तो नकाशा बघतो, आणि मी वर्गातही तोच फळ्यावर काढते.

दुसरा प्रश्न बलुतेदारांचा. माझा मसुदा कुणबी आणि सावकार या दोघांभोवती फिरत होता; न्हावी, परीट, लोहार, सुतार तळटिपांत होते. आपण विचारलंत की बहिष्कार प्रत्यक्ष घालतं कोण? कुणबी ठरवतो, पण वस्तरा खाली ठेवणारा न्हावी असतो. त्याचं वर्षाचं बलुतं कुणब्याच्या खळ्यातून येतं, तर सावकाराकडून कदाचित रोख मिळत असेल. मग नकार देताना त्याने काय पणाला लावलं? तो स्वतः कर्जात होता का? गावाचा धाक किती आणि त्याची स्वतःची इच्छा किती? हे प्रश्न वाचल्यावर मी करड्याची सगळी हकिगत पुन्हा न्हाव्याच्या बाजूने वाचली. लेखाचा तिसरा भाग संपूर्ण त्यातून उभा राहिला. सगळ्या प्रश्नांची उत्तरं कागदांत सापडत नाहीत, हेही आपणच लिहायला सांगितलंत: जिथे पुरावा थांबतो तिथे वाचकाला तसं सांगा, त्याने लेख कमकुवत होत नाही.

आयोगाच्या अहवालाबद्दल आपण जे लिहिलंत ते प्रत्येक एम.ए.च्या विद्यार्थ्याला द्यावं असं आहे. आयोगाला मुद्दाम विचारलं होतं की सरकारी साऱ्यामुळे हा उठाव झाला का, आणि आयोगाने उत्तर दिलं की नाही, दोष सावकारांचा. म्हणजे अहवालातल्या लोकांच्या जबान्या एका ठरावीक प्रश्नाभोवती गोळा झालेल्या आहेत. सावकाराचा अन्याय त्यांत भरभरून आहे, कारण तो ऐकायला सरकार तयार होतं. आपण सुचवलंत की छापील अहवालावर न थांबता मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, १८७५ सालचे महसूल आणि न्याय खात्यांचे खंड बघावेत. घटना ताजी असताना अधिकाऱ्यांनी काय कळवलं ते वाचावं आणि मग अहवालाकडे यावं. रेकॉर्ड रूमच्या त्या टेबलावर बसून मी कागद उलटत होते तेव्हा कोणत्या क्रमाने वाचायचं हे मला माहीत होतं, आणि ते आपल्यामुळे.

वादाची बाजूही आपण टाळू दिली नाहीत. इतिहासकार नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये मांडलं की हे दंगे फार मर्यादित होते आणि पुढे त्यांना फुगवून मोठं केलं गेलं. माझ्या लेखाच्या हे थेट विरोधात जातं. मी त्याची नोंद घेतली होती, एका टिपेत. आपण म्हणालात, त्यांचं म्हणणं त्यांच्या सर्वांत भक्कम रूपात आधी मांडा, त्यांना जिथे मान्य करावं लागेल तिथे मान्य करा आणि मग आपलं सांगा. मी तसं केलं. दंग्यांची व्याप्ती लहान होती हे मी आता मान्य करते. बहिष्काराची व्याप्ती वेगळी मोजायला हवी, एवढंच माझं म्हणणं उरलं. जे उरलं ते पक्कं आहे.

आपलं सगळं मी मान्य केलं नाही, आणि त्याबद्दलही आभार मानायचे आहेत. सत्यशोधक समाज १८७३ मध्ये पुण्यात स्थापन झाला होता. त्याचा आणि या गावांतल्या बहिष्काराचा संबंध तपासावा असं आपण सुचवलं होतं. मोह मोठा होता. महात्मा फुल्यांचं नाव आलं की लेखाला वजन येतं. पण या गावांना समाजाशी जोडणारा त्या वर्षांचा एकही कागद मला मिळाला नाही, आणि उत्तरात मी तसंच लिहिलं. परीक्षकाची सूचना नाकारताना हात थरथरतो हे लेख पाठवणाऱ्या कुणालाही विचारा. दुसऱ्या फेरीत आपला शेरा आला की लेखिकेने हे सोडलं ते योग्य केलं. वरच्या हुद्द्यावरच्या माणसाने, कारण आपण त्याच असणार असं मी धरून चालते, पुराव्यापुढे आपली सूचना मागे घेतलेली मी पहिल्यांदा पाहिली.

आणि भाषा. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी मी मोठेपणी कष्टाने कमावलं. आपण माझ्या इंग्रजीवर एक शब्दही टोचून लिहिला नाहीत. जिथे अर्थ लागत नव्हता तेवढ्याच ओळींवर खूण होती, आणि बाकीचं संपादकीय खातं बघेल असं लिहिलं होतं. या एका वाक्याने किती धीर येतो ते इंग्रजी घरात वाढलेल्यांना कदाचित समजणार नाही.

हे सगळं मी इतकं तपशिलात लिहिते आहे कारण आमच्याभोवती दुसरंच चाललेलं असतं. बढतीसाठी गुण लागतात, गुणांसाठी लेख लागतात, आणि मोबाइलवर रोज संदेश येतात: शुल्क भरा, आठवड्यात लेख छापून प्रमाणपत्रासह मिळेल, परीक्षण झाल्याचं पत्रही मिळेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा नियतकालिकांना आळा घालायला मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आणली, २०२५ मध्ये ती बंदही झाली. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी लेख छापून आणण्याची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली, ते चांगलंच झालं. पण यादी असो वा नसो, लेख खरोखर वाचला गेला की नाही हे कुठल्याच यादीवरून समजत नाही. माझ्या कितीतरी हुशार सहकाऱ्यांनी चांगलं काम अशा ठिकाणी पैसे भरून छापून घेतलं. त्यांच्या लेखांना एकही प्रश्न विचारला गेला नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या लेखांत जीव होता, आणि आपल्यासारखं कुणी भेटलं असतं तर ते आज वेगळेच झाले असते.

आपल्याला या कामाचा एक रुपयाही मिळाला नाही. आपल्या कामाच्या यादीत फार तर एक ओळ वाढली असेल, ‘अमुक नियतकालिकासाठी परीक्षण’. ते तास आपण आपल्या लिखाणातून, सुट्टीतून, कदाचित घरच्या माणसांच्या वाट्यातून काढले असणार, ते सुद्धा जिचं नाव माहीत नाही अशा एका लेखिकेसाठी. पुण्यात १९१० साली इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. तेव्हापासून आपल्याकडे माणसं कागद जमवत, वाचत आणि एकमेकांचं भर सभेत तपासत आली. त्याच परंपरेतली आपली ही पानं मी मानते, मग आपण पुण्यात असा की परदेशातल्या एखाद्या विद्यापीठात.

लेख आता छापून आला आहे. पहिल्याच टिपेत ‘अनाम परीक्षकांचे आभार’ अशी ओळ आहे. ती पुरेशी नव्हती.

आपल्या अभिप्रायाच्या शेवटी एक प्रश्न होता, ज्याला आपण ‘या लेखासाठी नव्हे, पुढे कधीतरी’ असं म्हटलं होतं: करड्याचा बहिष्कार आगीपर्यंत का गेला नाही, आणि सुप्यात बहिष्काराची वाट न बघता आग का लागली? तो मी हाती घेतला आहे. सध्या माझा अंदाज कर्जरोख्यांच्या मुदतीकडे जातो. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीनच वर्षं चालायचा, मग व्याज मुद्दलात घालून नवा लिहून घ्यायचा. भीमथडीतल्या आणि शिरूरच्या रोख्यांच्या नूतनीकरणाची वर्षं वेगवेगळी पडली असतील तर दोन्ही ठिकाणचा ताण वेगळ्या वेळी आला असेल. हे अजून नुसतं अनुमान आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत कोर्टाच्या हुकूमनाम्यांचे जे कागद उपलब्ध आहेत ते बघायला सुरुवात करते आहे. आपल्याला यावर काही आक्षेप सुचला तर संपादकांकडे दोन ओळी जरूर पाठवा.

आपली कृतज्ञ,
पुणे जिल्ह्यातली एक इतिहासाची प्राध्यापिका