ग्लास गळत नाही, आमची भिंतही गळत नव्हती

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार. आपल्या रविवारच्या पुरवणीत घराच्या नूतनीकरणावर आलेला लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना हातात लाल पेन होते. ३६ वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, ती खोड जात नाही. लेखात तीन सल्ले होते: खिडक्यांच्या फटी बुजवा, म्हणजे खोली लवकर गार होते, भिंतींना आतून थर्मोकोल लावा, आणि भिंतीला ओल असेल तर तिच्यावर पीव्हीसी किंवा लॅमिनेटचे पॅनेल बसवा, की एका दिवसात भिंत नवी. पहिल्या दोन सल्ल्यांना मी अर्धे अर्धे गुण दिले. तिसऱ्याला शून्य, आणि शून्याखाली दोन रेघा. रागाने नव्हे. हे तिन्ही प्रयोग आम्ही आमच्याच घरात, एकाच वेळी, स्वखर्चाने करून बसलो आहोत.

आमचे घर जुने, नऊ इंची विटांच्या भिंतींचे. वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली अशी तापायची की रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला तर ऊब लागे. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी तीच खोली झोपायला घ्यायची ठरवली आणि ठेकेदाराला बोलावले. त्याने भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या, पट्ट्यांच्या मध्ये पाच सेंटीमीटरचे थर्मोकोल बसवले, वरून प्लायवुड आणि त्यावर गुळगुळीत लॅमिनेट. खडखडणाऱ्या लाकडी खिडक्या गेल्या, रबरी पट्टीच्या घट्ट खिडक्या आल्या. एसी आला. पहिला उन्हाळा सुखाचा गेला, हे नाकारत नाही. गणितही चोख होते. थर्मोकोलची उष्णतावाहकता साधारण ०.०३५ आणि विटांच्या भिंतीची ०.७ च्या आसपास (वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन). म्हणजे पाच सेंटीमीटर थर्मोकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला जवळजवळ एक मीटर जाडीची भिंत रचावी लागेल. मी हे यजमानांना कागदावर करून दाखवले होते. पाण्याचे गणित मात्र मांडलेच नाही.

पावसाळा सुरू झाला आणि खोलीला कुबट वास येऊ लागला. आधी वाटले गाद्यांचा असेल. मग प्लायवुडची खालची कड फुगली. वॉटरप्रूफिंगवाल्याने पाहताक्षणी निकाल दिला, "भिंत गळतेय." बाहेरून भिंतीला दोन हात कोटिंग झाले, गच्चीच्या कठड्याच्या भेगा भरल्या, स्लॅब आणि भिंतीच्या सांध्यात सिमेंटची गोलाई भरली. पुढच्या पावसाळ्यात वास पुन्हा हजर. तेव्हा मीच सुताराला सांगितले की एक पॅनेल काढ. पॅनेलची पाठ काळ्या ठिपक्यांनी भरली होती आणि तिच्यावर थेंब जमलेले होते. मागच्या भिंतीचा गिलावा मात्र हाताला कोरडा लागत होता. पाणी बाहेरून झिरपले असते तर आधी भिंत भिजली असती. थेंब भिंत ओलांडून उडी मारून पॅनेलवर बसत नाहीत.

आता इथे मला माझ्याच वर्गात बाकावर उभे राहावे लागेल. दवबिंदूचा, म्हणजे हवा गार होताना ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते त्याचा, धडा आला की दरवर्षी मी टेबलावर स्टीलच्या ग्लासात बर्फाचे पाणी ठेवायचे. पाच मिनिटांत बाहेरून थेंब धरायचे आणि कोणी ना कोणी विचारायचेच, "बाई, ग्लास गळतोय का?" मग मी पाण्यात लाल रंग टाकायचे. बाहेरचे थेंब तरी स्वच्छच. गळत असते तर तेही लाल दिसले असते, हे मुलांना लगेच पटे. ३६ वर्षे हा प्रयोग करणारी बाई स्वतःच्या घरात मात्र "ग्लास गळतोय" म्हणणाऱ्या माणसाला काम देऊन बसली.

घडत होते ते असे. पावसाळी रात्री बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता. अशा हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. आमचा एसी २२ वर. म्हणजे लॅमिनेटची पाठ बाहेरच्या हवेच्या दवबिंदूपेक्षा दोन-तीन अंश गार. त्या बाहेरच्या हवेच्या दर घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम वाफ असते, आणि २२ अंशांच्या हवेला १९ ग्रॅमच पेलवते. उरलेले तीन-चार ग्रॅम कुठेतरी बसणारच. लॅमिनेटमधून वाफ पलीकडे जात नाही, म्हणून ती तिथेच थांबली, पाणी झाली आणि प्लायवुडने ते प्यायले. खात्री करायला मी तीन रात्री एसी बंद ठेवला. पॅनेलची पाठ कोरडी. पुढच्या तीन रात्री चालू ठेवला, पुन्हा थेंब. घामाघूम होऊन झोपलेल्या त्या तीन रात्रींबद्दल यजमान अजून टोमणे मारतात.

पण मग बाहेरची हवा पॅनेलमागे पोचली कशी? खिडक्या तर घट्ट होत्या. यासाठी मी उदबत्ती घेऊन खोलीभर फिरले. पंखा बंद, दारे बंद, शेजारच्या न्हाणीघरातला एक्झॉस्ट चालू. खिडकीपाशी धूर सरळ वर गेला. स्विचबोर्डपाशी मात्र तो फुंकर मारल्यासारखा खोलीत वळला. भिंतीत खोदलेल्या वायरिंगच्या पाइपमधून, खिडकीच्या चौकटीमागच्या न भरलेल्या पोकळीतून, स्लॅबखालच्या फटीतून बाहेरची दमट हवा पॅनेलमागे आरामात ये-जा करत होती. ठेकेदाराने दिसणाऱ्या फटी बुजवल्या, न दिसणाऱ्या तशाच राहिल्या. आणि ओलाव्याच्या बाबतीत न दिसणाऱ्याच घात करतात. गिलाव्यातून किंवा बोर्डातून वाफ मुंगीच्या पावलाने जाते, वाहत्या हवेबरोबर ती घोड्यावर बसून जाते. थंड प्रदेशांतील घरांसाठी केलेला एक हिशोब आहे: चार बाय आठ फुटांच्या अख्ख्या जिप्सम बोर्डातून संपूर्ण हिवाळ्यात सुमारे एक तृतीयांश लिटर पाणी आरपार जाते, त्याच बोर्डाला एक चौरस इंचाचे भोक असेल तर हवेबरोबर तीसेक लिटर. म्हणून हवाबंद करा हा सल्ला चूक नाही. कुठे आणि कोणत्या बाजूने, हे न सांगता दिला म्हणून मी त्याचे अर्धे गुण कापले.

बाजूचा मुद्दा जरा सावकाश सांगते, कारण तिथेच सगळे फसतात. वाफ अडवणारा थर, म्हणजे प्लास्टिक, फॉइल, लॅमिनेट, व्हिनाइलचा वॉलपेपर, हा भिंतीच्या उबदार बाजूला हवा. जिथे हिवाळ्यात घर तापवतात तिथे तो आतल्या बाजूला बसतो. जिथे दमट हवेत घर गार करतात तिथे आतला थर हाच थंड थर होतो आणि गणित उलटे पडते. एसी लावलेल्या खोलीत व्हिनाइल वॉलपेपर सोलला की मागे बुरशी सापडते, त्याचे कारण हेच. वर्षात सहा महिने तापवायचे आणि सहा महिने गार करायचे असेल, तर असा पक्का थर कुठेच नको. वाफेला हळूहळू दोन्हीकडे जाऊ देणारे साहित्य बरे. एका हवामानातला आराखडा उचलून दुसऱ्या हवामानात लावला की त्यातले प्रत्येक साहित्य उत्तम असूनही भिंत कुजते.

हे फक्त हौशी ठेकेदारांकडून होते असे नाही. कॅनडात व्हँकूवर परिसरात १९८० आणि ९० च्या दशकांत बांधलेल्या हजारो सदनिकांच्या भिंती आतून कुजल्या. १९९८ साली तिथल्या प्रांतिक सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. न्यूझीलंडमध्ये साधारण त्याच काळातल्या घरांची तीच कथा. वरून अखंड गिलाव्यासारखे सुबक आवरण, मागे पोकळी नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून पावसाचे पाणी आत शिरले आणि त्याला परत बाहेर पडायला वाटच मिळाली नाही. जुन्या घरांतही पाणी शिरत होतेच की! पण त्यांच्या भिंती वाऱ्याने आणि उन्हाने सुकत होत्या. उष्णतारोधक थर लावला की भिंतीतून जाणारी उष्णता कमी होते, म्हणजे सुकण्याची ताकदही कमी होते. त्यामुळे जितका जाड थर, तितकी पावसाच्या पाण्याबद्दल कडक शिस्त हवी. हे वाक्य मला लेखात कुठेच सापडले नाही.

आणखी एक गोष्ट. आपण "ओल" हा एकच शब्द चार आजारांना वापरतो: पावसाची झिरप, जमिनीतून चढणारे पाणी, फुटका पाइप, आणि हवेतून बसणारे दव. औषध प्रत्येकाचे वेगळे. आमच्या तळमजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत अडीच फुटांपर्यंत भिंतीला लोणा आला होता, पोपडे सुटले होते. तिथे मी दोन फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवले. थेंब प्लास्टिकच्या आतल्या अंगाला, भिंतीकडून आले. बाहेरच्या, खोलीकडच्या अंगाला आले असते तर ते हवेतले दव ठरले असते. म्हणजे इथे भिंत खरोखर ओली. बाहेर जाऊन पाहिले तर अंगणाची फरशी दोनदा एकावर एक घातल्यामुळे जोत्यावरच्या डीपीसीच्या वर चढली होती. तो ओलावा रोखणारा थर जमिनीपासून निदान १५ सेंटीमीटर वर उघडा राहायला हवा. फरशी उखडली, आतला सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला, आणि एक पूर्ण उन्हाळा त्या भिंतीला रंग लावला नाही. भिंत सुकायला वेळ लागतो हे मजुरांना कळते, आपल्याला कळत नाही.

आता घट्ट खिडक्यांबद्दल. चार माणसांच्या घरात श्वास, स्वयंपाक, अंघोळी आणि धुणे मिळून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. खडखडणाऱ्या खिडक्या ते पाणी न सांगता बाहेर टाकत होत्या. त्यांना निवृत्त केले तर त्या कामावर दुसरे कोणी नेमायला नको का? आमच्या न्हाणीघराचा एक्झॉस्ट चालू व्हायचा, आवाजही करायचा. पण त्याचा पाइप फॉल्स सीलिंगच्या वरच संपला होता. अंघोळीची सगळी वाफ स्लॅबखाली कोंडत होती. ज्यांनी हवाबंद घरांचा पाया घातला त्यांनी हा विसर पडू दिला नव्हता. कॅनडातल्या रेजायना शहरात १९७७ साली बांधलेल्या प्रायोगिक घरात जाणाऱ्या हवेची उष्णता येणाऱ्या हवेला देणारे यंत्र होते. जर्मनीत डार्मस्टाट इथे १९९१ मध्ये पहिले पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेवर चालणारे घर, वसले, त्याच्याही रचनेत ते होतेच. पुढे ठरलेला त्यांचा निकष, चाचणीच्या ५० पास्कल दाबाला तासाभरात घरातल्या हवेच्या फक्त ०.६ पट गळती, सगळे उद्धृत करतात. त्याच्या जोडीचे हवा खेळवणारे यंत्र विसरतात. आणि कृपया ठळक अक्षरांत छापा: ज्या न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे तिथली फट किंवा झरोका कोणीही बुजवू नये. तो गिझर आधी बाहेर हलवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आमच्या खोलीचे पुढे काय झाले, ते थोडक्यात. पॅनेल उतरवली. वायरिंगचे पाइप, चौकटीमागची पोकळी, स्लॅबखालची फट बाहेरच्या अंगाने बंद केली. उष्णतारोधक थर भिंतीच्या बाहेरून लावून त्यावर जाळी आणि गिलावा केला, स्लॅबलाही वरून थर दिला. आता वीट आतल्या गारव्यात राहते, पण बाहेरची दमट हवा तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ती दव धरत नाही. आतून नुसता चुना. न्हाणीघराचा पाइप भिंतीबाहेर काढला. खोलीत एक छोटा आर्द्रतामापक टांगला आहे. ६५ च्या वर गेला की यजमान मला न विचारता एक्झॉस्ट लावतात. पृष्ठभागाजवळची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते, एवढे त्यांना आता पाठ आहे.

आपल्या पुरवणीने पुढच्या वेळी गुळगुळीत भिंतीच्या फोटोऐवजी भिंतीचा आडवा छेद छापावा, कोणता थर कुठे हे दाखवणारा. आराखडा काढायला कोणी नसेल तर मी काढून देईन, फळ्यावर हात बसलेला आहे.

शेवटी, लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल. उजवीकडच्या पॅनेलच्या तळाशी, फरशीपासून चार बोटांवर एक फिकट तपकिरी रेघ दिसते. मी तिच्याभोवती लाल गोल करून कात्रण सोबत जोडले आहे. ते घर ज्यांचे असेल त्यांना कृपया निरोप द्या, की ते एक पॅनेल काढून मागे हात लावून पाहा.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका