बर्फावरची चाल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर आवाज तुटत होता, म्हणून बर्फातल्या भटकंतीचं आता निवांत लिहिते. आई, आधी तुझी चौकशी संपवते. एकटी गेले नव्हते, मैत्रीण होती. कानटोपी घातली होती. कुठल्या वाटेने जातोय आणि कधीपर्यंत परतू, हेही सांगून निघालो होतो.

जाऊन-येऊन 14 किलोमीटरची वाट. उन्हाळ्यात ती चार तासांत आरामात होते. यावेळी चार तासांत निम्मीही झाली नाही. ताज्या बर्फात पाऊल गुडघ्यापर्यंत रुततं, ते उपसून काढायचं आणि पुन्हा रुतवायचं. पुढे चालणाऱ्याची दमछाक होते, मागच्याला त्याच्या खड्ड्यांत पाय ठेवत जाता येतं. म्हणून आम्ही आलटून पालटून पुढे होत होतो.

आणि गंमत म्हणजे थंडीत थंडीपेक्षा घामालाच जास्त जपावं लागतं. घामाने सुती कपडा भिजला की तो वाळत नाही, आणि थांबलं की तोच अंग गारठवतो. म्हणून निघतानाच थोडी हुडहुडी भरेल इतकेच कपडे घालायचे, थांबलं की लगेच वरून जाकीट चढवायचं. आत तू विणलेला स्वेटर होता. लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही. 'टोचतो' म्हणून कुरकूर केली होती मी, ती मागे घेते. पाण्याची बाटली मोज्यात घालून पिशवीत उलटी ठेवली होती. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे बाटली उलटी असली की बर्फ बुडाशी धरतो आणि झाकण मोकळं राहतं.

बाबा, तुम्हाला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं, म्हणून हे खास तुमच्यासाठी. तिथली शांतता नुसती माणसं नसल्याची नव्हती. ताज्या भुसभुशीत बर्फात दहातले नऊ भाग हवाच असते आणि त्या पोकळ्या आवाज गिळून टाकतात. मैत्रीण थोडी पुढे गेली की तिची हाक कापसातून आल्यासारखी यायची. पायाखालचा बर्फ मात्र करकरत होता. कडाक्याच्या थंडीत बर्फाचे कण वितळून निसटत नाहीत, एकमेकांवर घासून मोडतात, तो हा आवाज. वाटेत सशाचे ठसे दिसले. ससा उडी मारतो तेव्हा मागचे लांब पाय पुढच्यांच्या पुढे पडतात, हे माहीत नसल्याने तो आला तिकडेच गेला असं मी समजत होते!

मग एक ओढा लागला. वारा लागून तिथला बर्फ उडून गेलेला, खाली नुसता काचेसारखा गुळगुळीत थर. मैत्रीण म्हणाली, पावलं लहान टाक, तळवा सपाट टेकव, गुडघे जरा वाकव, हात खिशाबाहेर ठेव, सगळं वजन पुढच्या पायावर घे. तशी चालायला लागले आणि दहा-बारा पावलांतच लक्षात आलं की ही चाल मी पाहिली आहे. ही तुमची चाल आहे, बाबा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची. मागच्या वेळी दवाखान्यात जाताना मी चार पावलं पुढे जाऊन 'चला ना बाबा' म्हणत होते. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त खाली बघत चालत राहिलात. तेव्हा मला तो हळूपणा वाटला होता. त्या ओढ्यावर मी वर बघायलाही तयार नव्हते.

बारा वाजता मागे फिरायचं ठरवलं होतं, कारण दिवस फार लवकर मावळतो. शेवटचं टोक दीडेक किलोमीटरवर राहिलं होतं. फिरलो. आई, तुला हे आवडेल, मला अजून थोडं चुटपुटतंय.

बाबा, एक विचारायचं होतं. उतारावर तुम्ही आधी काठी टेकवता की पाऊल? मी दोन्ही करून पाहिलं आणि दोन्ही वेळा बसले.

तुमची,
धाकटी