चिऊच्या हाती सुई देताना

पंचवटी, नाशिक

चि. सोनू यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, चिऊ शिवायला शिकायचं म्हणून हट्ट धरून बसली आहे आणि सुई टोचेल म्हणून तुझाच जीव होत नाही. अरे, सात वर्षांची झाली ती. टोचेल एक-दोनदा, बोट तोंडात घालेल आणि पुढे शिवायला लागेल. फक्त लगेच मशीनवर बसवू नकोस. आधी हाताने शिवू दे.

पहिले टाके गोणपाटावर घालायचे. तुकडा धुऊन वाळवून घे, कारण त्याची कुसं हाताला लागतात. विण विरळ असल्यामुळे सुई कुठून काढायची ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. लोकर ओवायची बोथट टोकाची सुई दे. वरून खाली, खालून वर, झाला धावदोरा. त्यात हात बसला की मांजरपाट. काल कापडपेठेत बालाजीच्या देवळाकडे गेले होते, तेव्हा अर्धा मीटर घेऊन ठेवलाय. पेन्सिलने रेघ मारून तिच्यावर अर्ध्या सेंटीमीटरवर टिंबं दे.

दोरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत घ्यायचा, दुहेरी करून वापरायचा असेल तर त्याच्या दुप्पट. लांब घेतला की गुंता होतो आणि मूल रडकुंडीला येतं. टोक तिरकं काप, न पेटवलेल्या मेणबत्तीवरून एकदा ओढ, म्हणजे चटकन ओवता येतं. गाठ मात्र तिची तिलाच मारू दे. तर्जनीभोवती एक वेढा घ्यायचा, अंगठ्याने चोळत चोळत तो पुढे सरकवायचा आणि खाली ओढायचा. आमच्या वाड्यातली मुलं सुट्टीत माझ्याकडे येतात, त्यांचे पहिले दोन दिवस नुसत्या गाठी मारण्यात जातात. पण स्वतः मारलेली गाठ कापडात अडली, की पोरांचं तोंड बघण्यासारखं होतं.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला बसले, ते.

सहावीत असताना कार्यानुभवाच्या तासाला तुला रुमाल शिवून न्यायचा होता. चारी बाजू तू दुमडून शिवल्यास, आठवडाभर रोज थोडं थोडं करून. टाके वाकडे होते, एक मोठा, एक बारीक. आदल्या रात्री तू झोपल्यावर मी ते उसवले आणि माझ्या हाताने घातले. तीन बाजू झाल्या आणि वीज गेली, म्हणून चौथी तशीच राहिली. सकाळी तू रुमाल उलगडून पाहिलास, पुन्हा घडी घातलीस आणि काही न बोलता दप्तरात ठेवलास. त्यानंतर तू सुई हातात धरली नाहीस. अजून शर्टाचं बटण तुटलं की शर्ट बॅगेत घालून नाशिकला आणतोस. मी बटण लावते, पण त्या रात्रीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. माझी चूक झाली, सोनू. मला तुझं काम चांगलं दिसायला हवं होतं, आणि त्यापायी ते तुझं उरलंच नाही.

चिऊचे टाके तू उसवू नकोस, सूनबाईंनाही सांग. तिला स्वतःला खटकले तर ती उसवेल. तेव्हा सुईच्या टोकाने एकेक टाका कसा उचलायचा ते दाखव. आपल्या येवल्याची पैठणी उलटीकडून बघ की सुलटीकडून, सारखीच दिसते. विणकराचा हात त्यात किती वर्षं मुरलेला असतो! सात वर्षांच्या पोरीच्या कामाची मागची बाजू आपण कशाला उलटून बघायची?

पुढे बटण शिकव, आणि तिच्याबरोबर तूही शिक. बटणावर एक आगकाडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घ्यायचे. मग काडी काढून बटण वर ओढायचं आणि त्याच्याखाली दोऱ्याचे तीन-चार वेढे द्यायचे. त्या ढिलाईमुळे काज नीट बसतं. मग टाचण्यांची उशी. शेवटी पिशवी, पण पिशवीला धावदोरा पुरत नाही, टीप घालावी लागते, एक पाऊल मागे येऊन दोन पुढे. इथली एक मुलगी आपली पिशवी घेऊन गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात गेली आणि मेथीच्या दोन जुड्या तिच्यात घालून आली. एका कोपऱ्याची शिवण सुटली होती. तिने ती घरी येऊन पुन्हा घातली.

एक शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून लाव. सुई तोंडात धरायची नाही, फ्रॉकला टोचून ठेवायची नाही, आणि बसताना-उठताना सुया मोजायच्या. एक जरी कमी भरली तरी सापडेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही.

मांजरपाट, दोन रिळं आणि बटणं पाठवते आहे. तो रुमालही घातलाय. त्याची चौथी बाजू चिऊला दाखव. सुया सहा आहेत, पाकीट उघडल्या उघडल्या मोजून घे.

तुझी,
आई