रंगीत नकाशा नको, मूळ लहरी द्या

संपादक महोदय,

माझी मुलगी तिसरीत आहे. जेवताना घास हातातच राहायचा, नजर एकटक लागायची, पापण्या फडफडायच्या. आठ-दहा सेकंदांनी जणू काही झालेच नाही असे जेवण सुरू. शाळेने वहीत 'लक्ष नसते' लिहून पाठवले, शेजारणीने दृष्ट काढायला सांगितली. शेवटी डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, काढायला लावला.

शहरातल्या एका खासगी केंद्रात तो काढला. हाती आले एकच पान. मेंदूचा नकाशा म्हणून लाल-निळ्या रंगांनी भरलेली डोकी आणि खाली 'असामान्य' एवढाच शब्द. धंतोलीतल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ते बघून विचारले, "यात लहरी कुठे आहेत?" केंद्रात गेले तर उत्तर मिळाले, मूळ नोंद आम्ही ठेवत नाही.

म्हणजे पुन्हा खर्च, पुन्हा रजा, पुन्हा पोरीला मध्यरात्री उठवून जागे ठेवणे. या खेपेला मी पडद्याजवळ बसले. टेक्निशियन ताईंनी टेपने डोके मोजून खुणा केल्या, पेस्ट लावून एकेक तार चिकटवली आणि तिच्यापुढे कागदी भिंगरी धरली, "फुंकत राहा बाळा." दोनेक मिनिटांनी भिंगरी थांबली. त्याच क्षणी पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम उसळल्या, सेकंदाला तीन, एकसारख्या. मग रेघा निवल्या आणि ती परत फुंकू लागली. माझे तर डोळेच भरून आले. इतके दिवस आपण तिला 'लक्ष दे' म्हणून रागावत होतो!

माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी जर्मनीत 1924 मध्ये प्रथम टिपल्या. काही सेकंद भान हरपणाऱ्या फिट्सचा, सेकंदाला तीनचा हा नमुना गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स या अमेरिकी संशोधकांनी 1935 मध्येच नोंदवून ठेवला आहे. तो वाचायचा तर रेघाच हव्यात. नकाशात डोक्याला चिकटवलेल्या दोन तारांच्या (इलेक्ट्रोडांच्या) मधला रंग संगणक हिशेबाने भरतो, आणि नुसती पापणी हलली तरी कपाळापाशी डाग उमटू शकतो.

नकाशा जोडीला खुशाल द्या. पण अख्खी नोंद पेनड्राइव्हवर सहज मावते, ती प्रत्येक रुग्णाला न मागता मिळाली पाहिजे. गडचिरोली-भंडाऱ्याहून रात्रीच्या एसटीने लेकरू घेऊन येणाऱ्यांना दुसरी खेप परवडत नाही. आरोग्य विभागाने तसा आदेश काढावा, आणि आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

— एक आई, मानेवाडा, नागपूर