वह्या रद्दीत देऊ का?

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा बाबांचा फोन आला तेव्हा समोर कर्जाच्या अर्जाचा माणूस बसला होता. "माळ्यावरची खोकी काढलीत, तुझ्या कॉलेजच्या वह्या रद्दीत देऊ का?" मी "बघते" म्हणून फोन ठेवला. बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखंही नाही, म्हणून पत्र. आई, तू मोठ्यांदा वाचून दाखव.

बाबा, जुनं उकरते, रागावू नका. 1999 ते 2002 मी पुण्यात बी. ए. करत होते, तत्त्वज्ञान घेऊन. तुम्ही मात्र गल्लीत सगळ्यांना सांगायचात, "पोरगी सायकॉलॉजी करते." मामाच्या लग्नात एका काकूंनी मला मांडवामागे नेऊन विचारलं, सुनेच्या अंगात येतं, काय करावं? मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. त्याच वर्षी आम्हाला कांट हा जर्मन तत्त्वज्ञ होता. त्याचा 1797 सालचा एक निबंध आहे. खुनी दारात येऊन विचारतो, तुझा मित्र घरात आहे का? तरीही खोटं बोलायचं नाही, असं कांट म्हणतो. आणि मी मांडवामागे सायकॉलॉजीवाली होऊन उभी. तुमचा फार राग आला होता तेव्हा.

आता रागावायचं राहिलं नाही. उलट मीच तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही की आम्ही करत काय होतो.

स्पेशलला आम्ही सातजणं होतो. एवढ्यांत झोपताही यायचं नाही. मॅडम एक विधान फळ्यावर लिहायच्या आणि विचारायच्या, "कशावरून?" बस. त्या 'कशावरून'चं उत्तर देता देता तास संपायचा. न्यायशास्त्राचं, म्हणजे अनुमान कसं करायचं त्या शास्त्राचं, छोटं पुस्तक, अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह', तिथंच वाचलं. त्यातलं उदाहरण तुम्हालाही माहीत असेल. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथं विस्तव आहे. जिथं जिथं धूर, तिथं तिथं विस्तव, या नियमाला व्याप्ती म्हणतात. उदाहरण कशाचं? महानसाचं. महानस म्हणजे स्वयंपाकघर! मला इतका आनंद झाला होता. एवढं मोठं शास्त्र, आणि साक्षीला बोलावलं ते आईच्या चुलीला.

दिवाळीच्या सुट्टीत मी तुला हे सांगत होते, आई, आठवतं? तू चकल्या तळत होतीस. म्हणालीस, "आता गॅसवर कुठे असतो गं धूर?" मी लगेच शहाणपणा शिकवला, की नियम धुराकडून विस्तवाकडे जातो, उलटा नाही. तू मान वर न करता म्हणालीस, "तेच म्हणते मी. धूर नाही म्हणून विस्तव नाही समजलं तर हात भाजतो." न्यायवाल्यांनी याच्यासाठी तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण दिलंय. विस्तव आहे, धूर नाही. मी तेवढं पान परीक्षेसाठी चार दिवस घोकलं होतं.

आणि बाबा, तुम्ही. लहानपणी डबा घेऊन कापडगिरणीत यायचे, तेव्हा तुम्ही साळखात्यात, मागांच्या मधोमध, नुसते उभे असायचात. मध्येच म्हणायचात, "त्या मागाचा पट्टा ढिला झालाय." कशावरून? धोट्याचा आवाज बदललाय. असा आवाज आला की पट्टाच असतो, परवा सोळा नंबरचा निघाला तसा. याचाही तसाच. तेव्हा पट्टाच. मोजा: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. अनुमानाचे पाचही अवयव झाले, आणि तुम्हाला त्यांची नावं माहीत नव्हती.

पहिल्या दिवशी मॅडमनी गाव विचारलं. अमळनेर म्हटल्यावर म्हणाल्या, "मग इथं कशाला आलीस?" तेव्हा कळलं, की आपल्या गावात प्रताप शेटजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था काढली, साने गुरुजी मुळात तिथं शिकायला आले, कलकत्त्याचे तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथं संचालक होते. आपल्याला अमळनेर म्हणजे सखाराम महाराजांची यात्रा, आणि गावातच सुरू झालेल्या विप्रोचे शेअर कुणाकडे किती. तुम्ही विचारायचात, "तत्त्वज्ञान शिकून काय मंदिरात बसणार?" मंदिर होतंच की. आपणच कधी आत गेलो नाही.

नोकरीचं तुम्हाला माहीत आहेच. पदवीकडे बघून कुणी घेतलं नाही, बँकेची परीक्षा दिली. रीझनिंगचा पेपर सोपा गेला, पण तेवढ्यासाठी तीन वर्षं नकोत, क्लासला तीन महिन्यांत होतं. मग राहिलं काय? खोड राहिली. कुणी ठासून बोललं की 'कशावरून' येतंच तोंडात. सासरी पहिल्या वर्षी दोनदा विचारलं, पुढे मनातच विचारते. कर्जाच्या टेबलाला मात्र बरी पडते. 'पगार आहे म्हणजे हप्ते भरणारच' ही व्याप्ती किती वेळा मोडते ते मी रोज बघते.

आता वह्या. इंग्रजीच्या, इतिहासाच्या, सगळ्या देऊन टाका. तर्कशास्त्राच्या ट्रुथ टेबलांच्या, खरं-खोटं मांडायच्या चौकटींनी भरलेली ती मोठी वहीसुद्धा द्या. लाल पुठ्ठ्याची तेवढी ठेवा. तिच्यात तुमच्या मनीऑर्डरचे कागद आहेत, ज्यावर खाली दोन ओळी लिहायची जागा असायची ते. पानांत खूण म्हणून घालायचे मी. एकावर तुम्ही लिहिलंय, "तुझा विषय काय आहे तो एकदा नीट लिहून कळव. लोक विचारतात." मला तो टोमणा वाटला होता. उत्तर दिलंच नाही.

ऐकण्याच्या मशीनसाठी शनिवारी येते. तोवर माळ्यावर परत चढू नका, शेजारच्या पोराला सांगा. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची,
ताई