आगापिछा नसलेली इंग्रजी वाक्ये

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या शेजारची नववीतली मुलगी गेल्या आठवड्यात इंग्रजीच्या चाचणीची उत्तरपत्रिका दाखवायला घेऊन आली. 'द ओल्ड मॅन द बोट' या वाक्याचा अर्थ विचारला होता. 'म्हातारा माणूस आणि होडी' असे लिहून तिने खाली 'वाक्यात क्रियापद नाही' अशी प्रामाणिक टीपही जोडली होती. त्यापुढे लाल शाईचा भोपळा होता.

वाक्य निर्दोष आहे. त्यात 'ओल्ड' म्हणजे म्हातारी माणसे आणि 'मॅन' हे क्रियापद आहे, होडीवर राबून ती चालवणे या अर्थाचे. मी मात्र तिला हे सांगितले नाही. कागदावर त्या वाक्याच्या आधी मी इंग्रजीत एवढेच लिहिले की, गावातले तरुण आखातात आणि जहाजांवर कामाला गेले आहेत. रोज चोडणहून रायबंदरला फेरीबोटीने जाणारी ती मुलगी क्षणभर थबकली आणि म्हणाली, "सर, म्हणजे बोट आता म्हातारेच चालवतात?"

शब्दकोशाला हात न लावता तिला अर्थ लागला होता.

मराठीत 'म्हाताऱ्यांनी होडी हाकली' म्हटले की 'नी' हा प्रत्ययच कर्ता दाखवून देतो. इंग्रजीतले असे बहुतेक प्रत्यय काळाच्या ओघात झडून गेले, त्यामुळे एकच शब्द कधी नाम तर कधी क्रियापद होतो आणि त्याची जात शेजारच्या शब्दांवरून ओळखावी लागते. थॉमस बेव्हर या अभ्यासकाने 1970 मध्ये चर्चेत आणलेले 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल' हे वाक्य इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही 'फेल' म्हणजे 'पडला' या शेवटच्या शब्दापाशी अडखळायला लावते, कारण 'रेस्ड' म्हणजे 'दौडला' असे आपण आधीच धरून चाललेलो असतो. दोन घोडे दौडवले, एक ओढ्याकाठून आणि दुसरा कोठाराजवळून, एवढे आधी कळले तर कोठाराजवळून दौडवलेला घोडा पडला हे समजणे बरेच सोपे जाते.

हा केवळ शाळेतल्या कोड्यांचा प्रश्न नाही. पर्वरीच्या गोवा विधानसभेत एखादे विधेयक 'टेबल' झाले म्हणजे ते सभागृहापुढे आले. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ ते बाजूला ठेवले असा होतो. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी आणि 'सँक्शन' म्हणजे निर्बंधही. बातमी कुठली आणि कोणाविषयीची, हे ठाऊक नसेल तर पाठ केलेला अर्थ उलटाही पडू शकतो.

आपण मराठीत हे नकळत करत असतो. 'त्याने पाणी सोडले' हे वाक्य नळाच्या वेळेविषयी आहे की वडिलोपार्जित जमिनीवरच्या हक्काविषयी, असा प्रश्न डिचोलीतल्या किंवा पेडण्यातल्या एकाही मुलाला पडत नाही. मागचे बोलणे त्याने ऐकलेले असते. इंग्रजीच्या तासाला मात्र त्याच मुलाला कठीण शब्दांच्या अर्थाची यादी पाठ करायला लावतात.

सुटे वाक्य दिल्याने व्याकरणाची पारख होते, असे काही शिक्षकमित्र म्हणतात. व्याकरण तपासायचे असेल तर कर्ता आणि क्रियापद ओळखायला सांगावे. माझी त्याला हरकत नाही. अर्थ विचारायचा असेल, तर प्रश्नपत्रिकेत त्या वाक्याच्या मागचीपुढची दोन वाक्येही छापावीत, एवढी विनंती प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना या पत्राद्वारे करतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, चोडण, तिसवाडी